चिंतामणराव देशमुख : मंत्रिमंडळातला मतभेद आणि एक राजीनामा

महाराष्ट्र दिन जवळ आला की आपण मुलांना हुतात्मा चौक, आचार्य अत्रे, एसेम जोशी यांच्याबद्दल सांगतो. याच लढ्याचा एक भाग दिल्लीत, मंत्रिमंडळाच्या आत घडला. तो सहसा सांगायचा राहून जातो. तिथे महाराष्ट्राची बाजू मांडत होते देशाचे अर्थमंत्री चिंतामण द्वारकानाथ देशमुख.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या नाते गावी झाला. १९१२ साली ते मॅट्रिकला पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवली. केंब्रिजला शिकून आय.सी.एस. झाले. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर बनले.

१९५० मध्ये नियोजन आयोगावरून अर्थमंत्री जॉन मथाई आणि पंतप्रधान नेहरू यांचं बिनसलं. आयोग मंत्रिमंडळापेक्षा वरचढ होईल, असं मथाईंना वाटत होतं. त्यांनी पद सोडलं आणि चिंतामणराव अर्थमंत्री झाले. ते स्वतः त्या आयोगाचे सदस्य होते, त्यामुळे नेहरूंशी त्यांचं कामाच्या बाबतीत जुळलं. इंपीरियल बँकेची स्टेट बँक १९५५ मध्ये झाली आणि आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण १९५६ मध्ये झालं. दोन्ही कामं त्यांच्याच काळातली.

जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय नेहरूंनी जाहीर केला. मुंबईत लोक रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. चिंतामणरावांचे आक्षेप स्पष्ट होते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडणं अन्यायाचं आहे, एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता झाला आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशीही होत नाही. नेहरूंना हे आरोप मान्य नव्हते. शेवटी जुलै १९५६ मध्ये चिंतामणरावांनी पद सोडलं आणि कारणं उघडपणे लोकसभेत सांगितली.

त्यानंतर ते घरी बसले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचं निधन झालं.

आपल्या गारगोटीहून निपाणी काही फार लांब नाही. तिथला सीमाप्रश्न अजून सुटलेला नाही, म्हणून आपल्या मुलांना हा विषय लगेच जवळचा वाटतो. पण यातून एक गोष्ट आवर्जून शिकवावी. पटलं नाही की मुलं एकतर भांडतात नाहीतर गप्प बसतात. चिंतामणरावांनी आधी आत राहून बाजू मांडली, नंतर कारण सांगून खुर्ची सोडली आणि मग दुसरं काम हाती घेतलं. वर्गातल्या एखाद्या नियमाबद्दल मुलांना आपलं मत कारणासह चार ओळींत लिहायला सांगा. घरी पालकांनीही हे करून बघावं. पण मग ती कारणं ऐकून घ्यायची तयारी आपलीही हवी.