पशुवैद्य डनलॉप

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात घोडेगाव नावाचे गाव आहे. अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हे गाव वसले असून तेथील जनावरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. बाजारात बैल विकत घेणारा जाणता शेतकरी केवळ शिंगांचा डौल पाहून भुलत नाही. तो बैलाचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो आणि शेवटी त्याच्या मानेवरून व खांद्यावरून हात फिरवतो. ज्या बैलाच्या खांद्यावर जुवाने घट्टे पडले आहेत, त्याने किती भार वाहिला असेल, हे त्या हाताला तत्काळ कळते.

याच परिसरात उसाचा हंगाम सुरू झाला, की उसाने शिगोशीग भरलेल्या बैलगाड्या सोनईसारख्या ठिकाणच्या साखर कारखान्यांकडे जाताना दिसतात. या गाड्यांना लाकडी चाके नसतात. त्यांना रबरी टायर असतात. म्हणूनच लोक त्यांना टायरगाडी म्हणतात. आपल्या पणजोबांच्या काळची गाडी निराळी होती. तिचे चाक सुताराने घडविलेले असे. मधोमध तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि सभोवार लोहाराने तापवून चढविलेली लोखंडी धाव. ते चाक मजबूत खरे. पण त्याला लवणे ठाऊक नव्हते. वाटेत धोंडा आला, की चाक त्यावर चढे आणि त्याबरोबर गाडीचा सारा भार वर उचलावा लागे. चाक खाली आपटले, की तो हादरा जुवातून बैलांच्या खांद्यावर येई. मऊ मातीत तीच अरुंद धाव सुरीसारखी रुतत जाई.

भरीव चाकाचे हे दुःख दूर करण्याची वाट ज्याने जगाला दाखविली, तो कोणी कारखानदार नव्हता. यंत्रविद्येचा पंडितही नव्हता. तो होता एक पशुवैद्य. त्याचे नाव जॉन बॉइड डनलॉप.

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकऱ्याच्या घरी झाला. हा मुलगा अपुऱ्या दिवसांचा जन्मला आहे, अशी घरातील समजूत होती. त्यामुळे प्रकृतीला जपण्याची सवय त्यांना लहानपणीच लागली. शेतावर वाढल्यामुळे घोडे, गाई व गाड्या यांची संगत मात्र त्यांना भरपूर लाभली. पुढे एडिंबरो येथे त्यांनी पशुवैद्यकाचे शिक्षण घेतले. काही वर्षे मायदेशी व्यवसाय केल्यावर १८६७ साली ते समुद्र ओलांडून आयर्लंडमध्ये गेले आणि कालांतराने बेलफास्ट शहरात स्थायिक झाले. स्वभावाने ते शांत व दयाळू होते. त्यांच्या हाताला गुण होता. १८८० नंतरच्या काही वर्षांतच त्यांचा दवाखाना आयर्लंडमधील मोठ्या पशुचिकित्सालयांपैकी एक म्हणून गणला जाऊ लागला.

त्या काळी बेलफास्टचे रस्ते दगडी फरशांनी बांधलेले असत. त्यांवरून घोडागाड्या खडखडत धावत. सायकली नुकत्याच प्रचारात येत होत्या. पण त्यांच्या चाकांवर भरीव रबराची धाव बसविलेली असे. अशा सायकलीवर बसून दगडी रस्त्याने जाणे म्हणजे अंग खिळखिळे करून घेणेच होते.

डनलॉप यांना एक मुलगी व एक मुलगा होता. मुलाचे नाव जॉनी. त्याच्याजवळ एक तिचाकी सायकल होती. ती दगडी रस्त्यावर नीट चालत नाही, फार हादरे बसतात, अशी त्याची तक्रार असे. पुष्कळ वडील अशी तक्रार ऐकून घेतात आणि विसरून जातात. डनलॉप विसरले नाहीत. हादरा कोठून येतो, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. दगड कठीण, चाकही कठीण. मग दोघांच्या भांडणात मार खातो तो वर बसलेला! दगड तर मऊ करता येत नाही. तेव्हा चाकानेच थोडे नमते घेतले पाहिजे. आणि नमते घेऊन पुन्हा पूर्ववत होणारी, शिवाय वजनाला हलकी अशी वस्तू कोणती? हवा!

रबराची त्यांना चांगली ओळख होती. व्यवसायाच्या निमित्ताने ते पूर्वी रबर हाताळीत असत. १८८७ च्या ऑक्टोबर महिन्यात त्यांनी घराच्या अंगणातच प्रयोगास प्रारंभ केला. पातळ रबराची एक नळी तयार करून त्यांनी ती एका लाकडी चकतीभोवती बसविली, तिच्यावर कापडाचे आवरण घातले आणि पंपाने तिच्यात हवा भरली. मग त्यांनी एका हाताने ही चकती व दुसऱ्या हाताने तिचाकीचे जुने चाक अंगणात सोडून दिले. जुने चाक थोडे अंतर जाऊन कलंडले. हवा भरलेली चकती मात्र धावत सुटली, अंगणाच्या फाटकाच्या खांबावर आदळली आणि चेंडूप्रमाणे उसळून मागे आली. प्रयोग लहानसाच होता. पण पाहणाऱ्याची दृष्टी तीक्ष्ण होती. डनलॉप यांनी तेव्हाच ओळखले, की हवेचे चाक केवळ मऊच नाही, तर ते चालविण्यास शक्तीही कमी लागते.

असे का व्हावे? भरीव चाकाला वाटेतील खड्यावर चढावे लागते. हवेचे चाक खड्याला आपल्या पोटात सामावून घेते. खडा जेवढा वर आलेला असतो, तेवढाच टायरचा भाग आत दबतो आणि वरील भार जवळजवळ समपातळीत पुढे जातो. भार वर उचलण्यात जी शक्ती वाया जात असे, ती वाचते. परंतु नुसती रबरी नळी पुरेशी नव्हती. हवा भरताच ती फुग्यासारखी फुगत जाते. म्हणून डनलॉप यांनी तिच्याभोवती मजबूत कापडाचे वेष्टन घातले. त्यावर झिजेपासून रक्षण व्हावे म्हणून जाड रबराची पट्टी चढविली. आत शिरलेली हवा बाहेर पडू नये यासाठी एकेरी झडप बसविली. हवेने भार झेलावा, कापडाने हवेला आवरावे, रबराने कापडाचे रक्षण करावे आणि झडपेने दार राखावे, अशी ही चार सोबत्यांची योजना होती. आजच्या टायरमध्ये पुष्कळ सुधारणा झाल्या आहेत. तरी त्याचे मूळ तत्त्व तेच आहे.

प्रथम जॉनीच्या तिचाकीची मागील दोन्ही चाके बदलण्यात आली. मग सायकलीसाठी मोठे टायर तयार झाले. ७ डिसेंबर १८८८ रोजी डनलॉप यांना या शोधाचे पेटंट, म्हणजे शोधावरील हक्काची सनद, मिळाली.

तरीही लोकांचा विश्वास बसणे सोपे नव्हते. हे फुगीर, जाडजूड टायर पाहून लोक हसत. थट्टेला उत्तर द्यावयाचे तर ते शब्दांनी नव्हे, कृतीने दिले पाहिजे. ती संधी लवकरच आली. बेलफास्टमधील विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने हवेच्या टायरची सायकल विकत घेतली होती. शर्यतीत तीच सायकल चालविण्याविषयी डनलॉप यांनी त्याला सुचविले. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजमधील क्रीडासामन्यांत ह्यूम त्या सायकलीवर उतरला आणि सायकलीच्या चारही शर्यती त्याने जिंकल्या! त्यानंतर इंग्लंडमधील लिव्हरपूल येथेही त्याने एक वगळता सर्व शर्यती जिंकल्या. हसणाऱ्यांची तोंडे बंद झाली.

या शर्यतींत हरलेल्यांमध्ये हार्वे ड्यू क्रॉस नावाच्या एका व्यावसायिकाचे मुलगे होते. ड्यू क्रॉस हा चतुर गृहस्थ होता. मुलगे हरले म्हणून खट्टू न होता त्याने त्यांना हरविणाऱ्या चाकाचाच शोध घेतला. त्याच्या व डनलॉप यांच्या सहकार्याने १८८९ साली डब्लिन येथे टायर तयार करणारी कंपनी स्थापन झाली.

आता या पशुवैद्याच्या पायाशी लक्ष्मी लोळू लागेल, असे कोणालाही वाटले असते. परंतु दैवाने निराळेच दान टाकले. पेटंट मिळून दोन वर्षे होतात न होतात, तोच ते रद्द ठरल्याची वार्ता डनलॉप यांच्या कानी आली. कारण मोठे विलक्षण होते. स्कॉटलंडच्याच रॉबर्ट विल्यम थॉम्सन या अभियंत्याने हवेच्या चाकाची हीच कल्पना चाळीस वर्षांपूर्वी शोधून काढली होती आणि तिचे पेटंटही घेतले होते. १८४७ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याने हवेच्या चाकांची घोडागाडी चालवूनही दाखविली होती. पण तेव्हा सायकलींचे युग उगवले नव्हते आणि चांगले रबर महाग होते. त्यामुळे तो शोध विस्मृतीत गेला. १८७३ साली थॉम्सन मरण पावला. डनलॉप यांना यातील काहीच ठाऊक नव्हते.

मुलांनो, विचार करा. एखाद्याने रात्रंदिवस खपून एक वस्तू तयार करावी, जगाने तिचे कौतुक करावे आणि मग तिचा पहिला मान दुसऱ्याचा आहे, असे कळावे! डनलॉप यांच्या वाट्याला हा प्रसंग आला. थॉम्सनची कल्पना पहिली होती, हे सत्य आहे. परंतु ज्या कल्पनेला जग विसरले होते, ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधून, तिला उपयोगात आणून ती घरोघरी पोहोचण्याचा मार्ग डनलॉप यांनी मोकळा केला, हेही तितकेच सत्य आहे. एका सत्याने दुसरे सत्य खोटे ठरत नाही.

कंपनीने धीर सोडला नाही. डनलॉप यांचे टायर चाकाला कायमचे चिकटविलेले असत. ते फुटले, की दुरुस्तीस फार त्रास पडे. १८९० साली वेल्श व बार्टलेट या दोघा संशोधकांनी चाकावरून सहज काढता व घालता येणाऱ्या टायरच्या युक्त्या शोधून काढल्या. ते हक्क विकत घेऊन कंपनी सावरली. पुढे फ्रान्समधील मिशलॅं बंधूंनी १८९५ सालच्या मोटारींच्या शर्यतीत हवेचे टायर लावलेली मोटार उतरविली आणि सायकलीचा हा सोबती मोटारीचाही सोबती झाला. डनलॉप मात्र त्याच वर्षी कंपनीतून निवृत्त झाले. त्यांचे नाव जगभर गेले. त्या नावाने झालेल्या प्रचंड व्यापारातील संपत्ती मात्र त्यांच्या हाती फारशी लागली नाही. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांनी जगाचा निरोप घेतला. त्यांनी लिहिलेला टायरचा इतिहास त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

त्यांच्या नावाची कंपनी पुढे आपल्या देशातही आली. १९३६ साली बंगालमधील साहागंज येथे तिचा कारखाना निघाला. तो आता बंद पडला आहे. पण टायर मात्र खेड्यापाड्यांत पोहोचला आणि बैलगाडीलाही लागला.

आज टायरचे किती प्रकार दिसतात! सायकलीचा टायर अरुंद व कडक असतो, कारण त्याला हलका भार वेगाने न्यावयाचा असतो. ट्रॅक्टरच्या मागील टायरला खोल दाते असतात, कारण त्याला चिखलात पकड घ्यावयाची असते. गोल्फ या खेळाच्या हिरवळीवर फिरणाऱ्या चिमुकल्या गाड्यांचे टायर रुंद व उथळ नक्षीचे असतात, कारण गवत चिरडले जाऊ नये. चाक निवडावयाचे ते दिखाऊपणावरून नव्हे. भार किती, वाट कशी आणि वेग केवढा, हे पाहून निवडावयाचे. हवेचेही तसेच आहे. ती कमी भरली, तर टायर दबून तापतो व लवकर झिजतो; फाजील भरली, तर तो पुन्हा लाकडी चाकासारखा उसळू लागतो. आणि टायर कितीही चांगला असला, तरी आसाला वंगण नसेल, तर त्याचा उपयोग काय? रात्रीच्या वेळी रस्त्याने जाणाऱ्या गाडीच्या मागे चकाकणारी लाल पट्टी नसेल, तर तिच्या सुरक्षिततेचा भरवसा कोणी द्यावा?

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. टायरमुळे गाडी हलकी चालते. मग माणसाच्या मनात लोभ उत्पन्न होतो. गाडी हलकी चालते ना, तर आणखी चार मोळ्या लादा! असे करता करता चाकाने बैलांना दिलेला विसावा माणूस हिरावून घेतो. सपाट वाटेवर हा वाढीव भार कळत नाही. पण चढ लागला, की बैलांचे गुडघे टेकतात आणि उतार लागला, की तोच भार मागून त्यांच्या अंगावर येतो. सुधारणा ज्याच्यासाठी असते, तिचा लाभ त्यालाच मिळाला पाहिजे.

डनलॉप यांनी जन्मभर मुक्या प्राण्यांची वेदना ओळखली आणि त्याच दृष्टीने त्यांनी आपल्या मुलाची लहानशी तक्रार ऐकली. त्या तक्रारीतून जगाचे चाक बदलले. पुढे कधी घोडेगावच्या रस्त्याने उसाची टायरगाडी जाताना दिसली, तर तिच्या चाकांकडे पाहा. आणि मग बैलांच्या खांद्यांकडेही पाहा. ते खांदे निरोगी असतील, तर त्या पशुवैद्याचे श्रम तेथे खरोखर सार्थकी लागले, असे समजा.