लेखणीने लढलेला राज्यकर्ता : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

बाबासाहेबांचे नाव घेताच चवदार तळे, राज्यघटना आणि नागपूरची दीक्षाभूमी डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु या सर्व लढ्यांमागे एक अखंड चालणारी लेखणी होती, हे नवदीक्षित बंधु-भगिनींनी ध्यानात घ्यावे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे रामजी व भीमाबाई यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेस गेले. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी तेथे ग्रंथ जमविले. १९१७ साली मायदेशी परतताना त्यांतील पुष्कळ ग्रंथ महायुद्धात बुडालेल्या बोटीबरोबर समुद्रात गेले. ते खचले नाहीत. पुन्हा लंडन गाठून १९२३ साली त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाने डॉक्टरेट मिळविली.

१९२७ साली ते मुंबई कायदे कौन्सिलात गेले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना १९३६ सालच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलाविले. पण लिहिलेल्या भाषणातील मते मंडळास पेलली नाहीत. बाबासाहेबांनी मजकूर बदलण्यास नकार दिला. परिषद रद्द झाली. तेव्हा त्यांनी स्वखर्चाने १५०० प्रती छापून ते भाषण लोकांपुढे ठेवले. व्यासपीठ नाकारता येते, ग्रंथ नाकारता येत नाही!

त्याच वर्षी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापिला व १९३७ साली विधानसभेत खोतीविरुद्ध विधेयक मांडले. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्या कामाच्या रगाड्यातही शूद्रांच्या उत्पत्तीवरील ग्रंथ १९४६ साली बाहेर पडला. स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री म्हणून घटनेचे काम शिरावर असता, १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळावरील ग्रंथ आला.

हिंदू कोड बिल रखडले म्हणून १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५२ साली मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात त्यांचा लोकसभेसाठी पराभव झाला. शरीर मधुमेहाने पोखरले होते. तरीही याच काळात त्यांनी भगवान बुद्ध व त्यांच्या धम्मावरील ग्रंथ सिद्ध केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी दीक्षा घेतली. ५ डिसेंबरच्या रात्रीही त्या ग्रंथाची प्रस्तावना त्यांच्या हाती होती. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले. छापील ग्रंथ १९५७ साली निघाला, तो त्यांना पाहता आला नाही.

निवडणुकीत हरलेल्या जागा आज कोणास आठवतात? ग्रंथ मात्र घराघरात आहेत. जांभूळ, अंबरनाथ, बदलापूरकडील आपली कुटुंबे लोकलने दादरला उतरून राजगृह पाहतात. ते घर बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी बांधले. तेथे हात जोडून परतणे पुरेसे नाही. धम्मग्रंथ फुलांखाली झाकून ठेवण्यासाठी लिहिलेला नाही. रोज रात्री जेवणानंतर घरातील मुलाने वा मुलीने त्यातील एक पान मोठ्याने वाचावे, वडीलधाऱ्यांनी ऐकावे, आणि न समजेल ते रविवारी विहारात विचारावे. दीक्षेचा विधी एका दिवसात होतो. धम्म समजण्यास वाचनच करावे लागते.