मलिक अंबर : भातवडीचा विजय आणि बदलत्या दोस्तीचा धडा

केडगावहून भातवडी काही लांब नाही. आपल्याच नगर तालुक्यातलं गाव, आज लोक त्याला भातोडी म्हणतात. 1624 साली इथं मोठी लढाई झाली. ती जिंकणारे होते मलिक अंबर.

अंबर यांचा जन्म साधारण 1548 चा, हबशी मुलखातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला. लहानपणीच गुलाम म्हणून विकले गेले आणि बगदादमार्गे अहमदनगरला आले. निजामशाहीचे पेशवे चंगेजखान यांनी त्यांना विकत घेतलं. मालकाच्या इंतकालानंतर ते आझाद झाले, काही वर्षं विजापूरच्या चाकरीत राहिले आणि परत नगरला आले.

1600 मध्ये चांदबीबी मारल्या गेल्या आणि मुघलांनी नगरचा किल्ला घेतला. सगळं संपलं असं वाटत असताना अंबर यांनी परांड्याला मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवलं, गनिमी काव्यानं मुघलांना जेरीस आणलं. 1610 मध्ये खडकी शहर, म्हणजे नंतरचं औरंगाबाद, वसवलं आणि नहर काढून तिथं पाणी आणलं.

मुघलांपुढे टिकायचं तर शेजारी सोबत हवा. विजापूरच्या इब्राहिम आदिलशहांनी कंधारचा किल्ला देऊन मदतही केली. पण पुढं दोघांचं बिनसलं. 1623 च्या सुमारास दोघंही एकमेकांविरुद्ध मुघलांची मदत मागू लागले. मुघलांनी आपला फायदा पाहिला आणि विजापूरला निवडलं. अंबर एकटे पडले. तरी त्यांनी तलावाचा बांध फोडून दुश्मनाच्या छावणीत पाणी घातलं, रात्री छापे मारले आणि दोन्ही फौजांना भातवडीला हरवलं. त्यांच्या बाजूनं लढताना शहाजीराजांचे भाऊ शरीफजी कामी आले. या दोन्ही भावांची नावं नगरच्या शाह शरीफ बाबांवरून ठेवली होती, असं सांगतात.

पुढं शहाजादा खुर्रम बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत आला. यानंच आधी अंबर यांच्याकडून मुलूख घेतला होता, पण आता दोघं एक झाले. मे 1626 मध्ये अंबर वारले. खुलताबादला त्यांची कबर आहे. दोन वर्षांनी खुर्रम शाहजहान म्हणून तख्तावर बसला आणि जुनी दोस्ती विसरला. 1633 मध्ये त्याच्या फौजेनं दौलताबाद घेतलं. 1636 च्या तहानं मुघल आणि विजापूर यांनी निजामशाही वाटून घेतली. विजापूरला वाटलं, आपण वाचलो. बरोबर 50 वर्षांनी, 1686 मध्ये, औरंगजेबानं विजापूरही घेतलं.

वर्गात मुलं विचारतात, सर, दोन्हीकडं मुसलमानच होते, मग लढले कशाला? मी सांगतो, बाळांनो, मराठे सरदारही दोन्हीकडं होते. लढाई मजहबची नव्हती, मुलखाची होती. बलवान राज्य गरज असेपर्यंतच दोस्त असतं. आजच्या जगातल्या बातम्या वाचतानाही हे ध्यानात ठेवावं. अंबर यांनी दोस्ती सगळ्यांशी केली, पण भरवसा ठेवला तो आपल्या माणसांवर आणि आपल्या जमिनीवर. म्हणून ते हयात असेपर्यंत निजामशाही कुणाला बुडवता आली नाही.