माध्यमांचा अभ्यासक, वेदीचा उपासक : मार्शल मॅक्लुहान



दूरचित्रवाणी आणि मोबाईल यांविषयी आपल्या धर्मग्रामांत चर्चा होते, तेव्हा बहुधा एकच प्रश्न पुढे येतो. मुले काय पाहतात, चांगले की वाईट? कॅनडातील एका कॅथलिक प्राध्यापकाने सहा दशकांपूर्वी त्याच्याही मुळाशी असलेला दुसरा प्रश्न जगापुढे ठेवला. पाहण्याचे साधनच पाहणाऱ्याला कसे घडवते? त्या प्राध्यापकाचे, म्हणजे मार्शल मॅक्लुहान यांचे जीवन आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

मॅक्लुहान यांचा जन्म २१ जुलै १९११ रोजी कॅनडातील एडमंटन येथे एका प्रोटेस्टंट कुटुंबात झाला. त्यांची आई गावोगावी जाऊन नाट्यपूर्ण वाचनाचे कार्यक्रम करीत असे. उच्चारित शब्दाचे सामर्थ्य त्यांनी असे घरातच अनुभवले. मॅनिटोबा विद्यापीठातून पदवी घेऊन १९३४ साली ते इंग्लंडमधील केंब्रिज येथे इंग्रजी साहित्याच्या अभ्यासासाठी गेले. तत्पूर्वीच जी. के. चेस्टरटन यांचे लेखन त्यांच्या वाचनात आले होते. त्या वाचनाने त्यांचे मन हळूहळू कॅथलिक श्रद्धेकडे वळले. मुलाच्या भवितव्याची चिंता वाटून आईला हे रुचले नाही; परंतु १९३७ साली त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. त्यानंतरचे त्यांचे सारे अध्यापन कॅथलिक संस्थांतच झाले. प्रथम सेंट लुईस येथील येशूसंघीय विद्यापीठात, पुढे विंडसर येथे आणि १९४६ पासून टोरांटोच्या सेंट मायकल्स कॉलेजात त्यांनी शिकवले. १९३९ साली कोरिन लुईस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला सहा मुले झाली.

त्या काळी जनसंपर्क माध्यमांच्या अभ्यासात दोन प्रमुख विचारप्रवाह होते. अमेरिकेत पॉल लाझार्सफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ओहायो राज्यातील मतदारांचा अभ्यास केला. वृत्तपत्रे व नभोवाणी मतदाराचे मत थेट बदलत नाहीत, तर बहुधा ओळखीच्या जाणत्या व्यक्तींच्या बोलण्यातूनच त्यांचा प्रभाव पोहोचतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. दुसरा प्रवाह चिकित्सक विचारवंतांचा होता. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेले थिओडोर अडोर्नो व मॅक्स होर्कहायमर यांच्या मते कारखान्यातील मालाप्रमाणे घडवलेली करमणूक माणसाची विचारशक्ती बोथट करून त्याला आहे त्या व्यवस्थेत गुंतवून ठेवते.

मॅक्लुहान यांनी तिसरी वाट धरली. टोरांटोतील अर्थशास्त्रज्ञ हॅरल्ड इनिस यांच्या लेखनातून त्यांना तिची दिशा मिळाली. १९५१ साली ‘द मेकॅनिकल ब्राइड’ या पुस्तकात त्यांनी जाहिरातींची चिकित्सा केली. ‘द गुटेनबर्ग गॅलक्सी’ (१९६२) या ग्रंथात छपाईयंत्राने युरोपीय मनुष्याला एकट्याने, मूकपणे व ओळीने विचार करण्याची सवय कशी लावली, हे त्यांनी दाखवले. ‘अंडरस्टँडिंग मीडिया’ (१९६४) या ग्रंथाने ते जगप्रसिद्ध झाले. माध्यमातून काय सांगितले जाते यापेक्षा ते माध्यम आपल्या इंद्रियांत, नात्यांत व समाजजीवनात जो बदल घडवते तो अधिक खोलवर जातो, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होय.

या विचारावर टीकाही झाली आणि ती निराधार नव्हती. ब्रिटिश विचारवंत रेमंड विल्यम्स यांनी १९७४ साली असा आक्षेप घेतला की, साधनालाच सर्वकर्ता मानले तर ते कोणाच्या हाती आहे व कोणाच्या हितासाठी वापरले जाते, हा प्रश्न दृष्टिआड होतो. हा इशारा आपणही ध्यानी ठेवावयास हवा.

मॅक्लुहान यांनी आपल्या श्रद्धेचा गाजावाजा केला नाही. मात्र मिस्सा, जपमाळ आणि बायबलवाचन हे त्यांच्या जीवनाचे अविभाज्य भाग होते. १९७३ साली सामाजिक संपर्क माध्यमांसाठीच्या परमधर्मपीठीय आयोगाचे सल्लागार म्हणून त्यांची नेमणूक झाली. मंदिरात आलेल्या ध्वनिक्षेपकाकडेही त्यांनी याच दृष्टीने पाहिले. चोहोबाजूंनी येणाऱ्या मोठ्या आवाजाने धर्मगुरू व भाविक यांतील अंतर बदलले आणि मंद स्वरातील लॅटिन उपासना मागे पडली, असे त्यांनी मांडले. विद्युत माध्यमे माणसाला जणू देहाविना सर्वत्र उपस्थित करतात, ही त्यांची मोठी चिंता होती. १९६९ साली तत्त्वज्ञ जाक मारितँ यांना लिहिलेल्या पत्रात, अशा माध्यमांतून ख्रिस्ताच्या गूढ शरीराची खोटी प्रतिकृती उभी राहील, अशी भीती त्यांनी व्यक्त केली.

२०२० साली महामारीमुळे मंदिरांची दारे बंद झाली, तेव्हा आपण पडद्यावर मिस्सा पाहिली. त्या कठीण दिवसांत तो मोठा आधार होता. परंतु पडद्यातून पवित्र कम्युनियन स्वीकारता येत नाही, शेजाऱ्याचा हात हाती घेऊन त्याला शांती देता येत नाही, हेही आपण अनुभवले. देवाचा शब्द देहधारी झाला, या आपल्या श्रद्धेच्या गाभ्याशी मॅक्लुहान यांची चिंता जोडलेली आहे. घरी राहून मिस्सा पाहण्याची सवय आजही ज्यांना सोडवत नाही, त्यांनी या चिंतेचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे. रुग्ण व वृद्ध यांची गोष्ट अर्थातच वेगळी; त्यांच्याकडे तर आपणच चालत जावयास हवे.

मॅक्लुहान यांच्या जीवनाचा अखेरचा अध्याय हृदय हेलावणारा आहे. १९६७ साली मेंदूतील गाठीची मोठी शस्त्रक्रिया त्यांनी सोसली होती. सप्टेंबर १९७९ मध्ये पक्षाघाताचा झटका येऊन त्यांची वाचा जवळजवळ पूर्ण हरपली. बोलणे हेच ज्यांचे सर्वात मोठे सामर्थ्य, त्यांच्या वाट्याला मौन आले. ३१ डिसेंबर १९८० रोजी टोरांटो येथे त्यांनी देह ठेवला.

साधने वापरताना त्यांच्या आहारी न जाण्याचा विवेक प्रभू आपल्या कुटुंबांना देवो आणि त्यांच्या आत्म्यास चिरशांती लाभो, हीच प्रार्थना.