पैसे घेऊन खेळला म्हणून ऑलिम्पिकची पदकं काढून घेतली, पुढं त्याच्याच नावावर अमेरिकेचं प्रो फुटबॉल उभं राहिलं

आज अमेरिकेत सुपर बोल असला की अख्खा देश टीव्हीपुढं बसतो. एनएफएलचे खेळाडू कोट्यवधींचे करार करतात. पण शंभर वर्षांपूर्वी तिथं पैसे घेऊन खेळणाऱ्याकडं वाकड्या नजरेनं बघितलं जायचं. याच कारणावरून एका खेळाडूची दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं गेली आणि पुढं एनएफएल सुरू करताना मालकांना त्याच खेळाडूचं नाव लागलं.

त्याचं नाव जिम थॉर्प.

जिमचा जन्म १८८७ चा, आजच्या ओक्लाहोमा राज्यातला. तो सॅक अँड फॉक्स या मूळनिवासी जमातीतला. जमातीतल्या त्याच्या नावाचा अर्थ होता उजळ वाट. पण वाट्याला आलं ते वेगळंच. जुळा भाऊ लहानपणीच न्यूमोनियानं गेला, पुढं आई-वडीलही गेले.

त्याला पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाईल इथल्या सरकारी निवासी शाळेत पाठवलं होतं. मूळनिवासी मुलांचे केस कापायचे, त्यांची भाषा बंद करायची आणि त्यांना गोऱ्यांसारखं बनवायचं, हे या शाळेचं धोरण. पण या शाळेची फुटबॉल टीम जबरदस्त होती आणि कोच होते पॉप वॉर्नर.

हे फुटबॉल म्हणजे आपण बघतो ते नाही. अंड्यासारखा लांबट बॉल हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेप घेऊन पाडायचं, असा हा रांगडा खेळ. जिम पळायचा, किक मारायचा आणि समोरच्याला आडवाही करायचा. १९११ मध्ये कार्लाईलनं बलाढ्य हार्वर्डला १८-१५ असं हरवलं, त्यात जिमचे चार फील्ड गोल होते. पुढच्या वर्षी त्यांनी लष्कराच्या वेस्ट पॉइंट अकादमीला २७-६ नं लोळवलं. त्या हरलेल्या टीममध्ये एक पोरगा होता, ड्वाइट आयझेनहॉवर. तोच पुढं अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

त्याच १९१२ साली स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये जिमनं पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं जिंकली. तिथला त्याचा दोन पायांत दोन वेगळे बूट घातलेला फोटो आजही प्रसिद्ध आहे.

पण सहा महिन्यांतच माशी शिंकली.

१९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात जिम नॉर्थ कॅरोलिनात किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. कॉलेजची बरीच पोरं असं खेळायची, पण खोटं नाव लावून. जिम खऱ्या नावानं खेळला आणि अडकला. ऑलिम्पिक फक्त हौशी खेळाडूंसाठी असल्यानं १९१३ मध्ये दोन्ही पदकं काढून घेतली. खरं तर स्पर्धेनंतर तीस दिवसांत तक्रार करायचा नियम होता. ती मुदत केव्हाच उलटून गेली होती, तरी कुणी ऐकलं नाही.

मग जिमनं उघडपणे पैसे घेऊन खेळायचं ठरवलं. आधी न्यूयॉर्क जायंट्सकडून बेसबॉल आणि १९१५ मध्ये ओहायोच्या कँटन बुलडॉग्जकडून फुटबॉल. एका सामन्याचे २५० डॉलर, तेव्हाच्या मानानं ही भलीमोठी रक्कम. पण जिम मैदानात उतरला की गर्दी व्हायची, त्यामुळं मालकाचे पैसे वसूल.

१९२० मध्ये कँटनमधल्या एका मोटारींच्या शोरूममध्ये टीमचे मालक जमले आणि त्यांनी लीग काढली. लोकांनी विश्वास ठेवावा असं नाव हवं होतं, म्हणून अध्यक्ष केलं जिम थॉर्पला. १९२२ मध्ये या लीगचं नाव झालं एनएफएल.

त्याच सुमारास ओहायोतल्या एका कुत्र्यांच्या व्यापाऱ्यानं फक्त मूळनिवासी खेळाडूंची टीम काढली, ऊरँग इंडियन्स. जिम तिथं कोच आणि खेळाडू. मध्यंतरात कुत्र्यांच्या जाहिरातीसाठी या खेळाडूंना खेळ करून दाखवावे लागायचे. जिम १९२८ पर्यंत, म्हणजे चाळिशी ओलांडेपर्यंत खेळला.

नंतर मात्र हाल झाले. मंदीच्या काळात त्यानं मजुरी केली, खड्डे खणले, सिनेमात फुटकळ कामं केली. १९५० मध्ये पत्रकारांनी त्याला अर्ध्या शतकातला सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवलं, पण खिसा रिकामाच होता. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात हृदयविकारानं तो गेला.

मेल्यावरही फरफट थांबली नाही. तिसऱ्या पत्नीनं पेनसिल्व्हेनियातल्या एका गावाशी सौदा केला. गावानं स्वतःचं नाव बदलून जिम थॉर्प केलं आणि बदल्यात पार्थिव मिळवलं. वडिलांना जमातीच्या भूमीत विसावा मिळावा म्हणून मुलं कोर्टात गेली. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

पदकांचं म्हणाल, तर १९८२ मध्ये ऑलिम्पिक समितीनं ती परत द्यायचं ठरवलं, पण जिमला संयुक्त विजेता म्हणून. एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव लागायला २०२२ साल उजाडलं. कँटनच्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये आज त्याचा पुतळा उभा आहे. तो स्वतः मात्र अजूनही त्या परक्या गावातच आहे.