लाल गोळीमागच्या लूसी विल्स

टिटवाळ्यापासून गडचिरोलीपर्यंत कुठल्याही सरकारी आरोग्य केंद्रात गरोदर स्त्रीला लाल गोळ्या दिल्या जातात. त्यांत लोहासोबत फॉलिक अ‍ॅसिड असते. या दुसऱ्या घटकाची गोष्ट सुरू होते मुंबईत, डॉ. लूसी विल्स यांच्यापासून.

त्यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजमध्ये त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. पण तेव्हा केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना पदवीच देत नसे. १९२० साली लंडनमध्ये त्या डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी प्रयोगशाळा निवडली.

१९२८ साली त्या मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. गिरणी कामगार वस्तीतल्या गरीब गरोदर स्त्रियांना तीव्र रक्तक्षय होत होता आणि त्यात जीवही जात होते. लोह कमी पडले की तांबड्या पेशी लहान होतात. या स्त्रियांच्या पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. विल्स यांनी आधी जंतुसंसर्ग तपासला, पण उत्तर मिळाले नाही. मग त्यांनी या स्त्रियांच्या ताटात काय असते ते पाहिले. फळे, भाज्या, प्रथिने यांची तिथे वानवा होती. तसाच निकृष्ट आहार दिलेले एक आजारी माकड मार्माइटने, म्हणजे यीस्टच्या स्वस्त अर्काने, सुधारले. रुग्ण स्त्रियांनाही तो अर्क दिल्यावर त्यांचे रक्त भरू लागले. हा निष्कर्ष १९३१ साली प्रसिद्ध झाला. अर्कातला नेमका घटक तेव्हा ठाऊक नव्हता. त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हटले जाऊ लागले.

शरीरात काय घडत होते? रक्तातला प्राणवायू कमी झाला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडते. अस्थिमज्जेला तो निरोप असतो : तांबड्या पेशी वाढवा. मूळपेशींपासून निघालेल्या कोवळ्या पेशी तो ऐकून विभागू लागतात. विभागण्याआधी डीएनएची नक्कल करावी लागते आणि त्यासाठी फोलेट हवे. ते नसेल तर पेशी नुसत्या फुगतात, पिकत नाहीत. निरोप पोहोचलेला असतो, माल नसतो.

१९४१ साली हा घटक पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला, म्हणून लॅटिनमधल्या ‘पान’ या शब्दावरून त्याचे नाव फॉलिक अ‍ॅसिड पडले. अमेरिकेत लेडर्ली कंपनीत भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने १९४५ साली ते कृत्रिमरीत्या तयार केले.

रक्ताच्या कर्करोगात चित्र उलटे असते. निरोप नसतानाही कोवळ्या पेशी विभागत राहतात. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी फॉलिक अ‍ॅसिडच्या जवळची संयुगे अशा मुलांना दिली, तेव्हा आजार वाढताना दिसला. मग त्यांनी सुब्बारावांच्या गटाकडून नेमके उलट काम करणारे अमिनोप्टेरिन घेतले. जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार १६ मुलांपैकी १० जणांत आजार काही काळ हटला. जो माल परळच्या मातांना द्यावा लागला, तोच या पेशींचा तोडला होता. आजार पुन्हा उलटला, पण रक्ताच्या कर्करोगावर औषध चालते हे दिसले. खोटा निरोपच बंद करणारी इमॅटिनिबसारखी औषधे यायला पुढे अर्धे शतक लागले.

हे विल्स यांच्या हयातीतच घडले. १९४७ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातून निवृत्त झाल्यावरही त्यांनी दक्षिण आफ्रिका आणि फिजीत पोषणावर काम केले. त्यांनी लग्न केले नाही. गिर्यारोहणाची त्यांना आवड होती. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

आज कसारा मार्गावरच्या लोकलने रुग्ण मुलांना घेऊन पालक परळच्या टाटा रुग्णालयात जातात. अमिनोप्टेरिनचे भावंड असलेले मेथोट्रेक्सेट अशा मुलांच्या उपचारात अजून वापरले जाते. ते चालू असताना फॉलिक अ‍ॅसिडची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. गरोदर स्त्रीने मात्र तिची लाल गोळी चुकवू नये.