साने गुरुजी

पांडुरंग सदाशिव साने ऊर्फ साने गुरुजी (जन्म : पालगड, २४ डिसेंबर १८९९, मृत्यू : मुंबई, ११ जून १९५०) हे मराठी लेखक, शिक्षक, स्वातंत्र्यसैनिक आणि समाजसुधारक होते. श्यामची आई या पुस्तकाचे लेखक म्हणून ते घराघरांत परिचित आहेत. किशोरवयीन मुलांच्या मनाची जपणूक हे शिक्षकाचे काम आहे, अशी त्यांची धारणा होती. ती त्यांनी अमळनेरच्या छात्रालयात प्रत्यक्ष आचरणात आणली.

बालपण आणि शिक्षण

साने यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड या गावी झाला. वडिलांचे नाव सदाशिवराव आणि आईचे यशोदाबाई. घराणे एके काळी खोतांचे व सुस्थितीतले होते. परंतु त्यांच्या बालपणीच घरावर दारिद्र्य आले. प्राथमिक शिक्षणानंतर ते दापोलीच्या मिशन हायस्कुलात शिकले. पुढे शिक्षणाचा खर्च झेपेना, म्हणून गरीब विद्यार्थ्यांची सोय असलेल्या औंध संस्थानात ते गेले. तेथे परक्या गावी, अर्धपोटी राहून त्यांनी अभ्यास केला. प्लेगच्या साथीमुळे औंधही सोडावे लागले आणि ते पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात दाखल झाले.

पुण्यात शिकत असतानाच १९१७ मध्ये आईचे निधन झाले. तेव्हा त्यांना अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आईची अखेरची भेट झाली नाही, ही खंत त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. घरापासून दूर राहणाऱ्या मुलाचा एकटेपणा, गरिबीची लाज आणि मनातले बोलायला माणूस नसणे हे सारे त्यांनी त्या वयात अनुभवले होते. पुढे विद्यार्थ्यांशी वागताना त्यांनी जो हळुवारपणा दाखवला, त्याचे मूळ या अनुभवात सापडते. पुण्यातून बी.ए. झाल्यावर ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात गेले आणि त्यांनी एम.ए. ही पदवी मिळवली.

अमळनेरचे छात्रालय

१९२४ मध्ये साने अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. खानदेशातील खेड्यापाड्यांतून आलेली मुले तेथे राहत. आईवडिलांपासून प्रथमच दुरावलेल्या या मुलांना शिस्तीचा बडगा दाखवण्याचा त्या काळचा रिवाज त्यांनी स्वीकारला नाही. मुले शाळेत गेली असता ते त्यांच्या खोल्या झाडत, अस्ताव्यस्त सामान नीट लावत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवत आणि मळके कपडे धुऊन टाकत. कोणी आजारी पडले तर रात्र रात्र उशाशी बसत. याबद्दल ते मुलांना बोल लावत नसत. ओशाळलेली मुले आपोआप आपली कामे आपण करू लागत.

ते छात्रालयासाठी हस्तलिखित दैनिक काढत. त्यात देशोदेशीच्या वार्ता, थोरांच्या कथा आणि मुलांच्या रोजच्या जगण्यातील प्रसंग असत. १९२८ मध्ये त्यांनी विद्यार्थी हे मासिक सुरू केले. समुपदेशन हा शब्द त्या काळी शाळांमध्ये रूढ नव्हता. मुलांच्या मानसिक अडचणींसाठीचे भारतातील पहिले मार्गदर्शन केंद्र मुंबईत टाटा समाजकार्य संस्थेच्या पुढाकाराने १९३७ मध्ये निघाले. त्याआधी जवळजवळ एक तप खानदेशातील एका लहान गावात हा शिक्षक मुलांची दुःखे ऐकून घेत होता. हे शास्त्रीय उपचार नव्हते. पण आपल्याकडे कोणाचे तरी लक्ष आहे, हा विश्वास मुलांना त्यातून लाभत असे. येथेच सारे त्यांना गुरुजी म्हणू लागले.

स्वातंत्र्यलढा आणि तुरुंगवास

१९३० मध्ये नोकरीचा राजीनामा देऊन साने गुरुजी सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक अशा तुरुंगांत त्यांनी कारावास भोगला. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबा भावे यांनी गीतेवर दिलेली प्रवचने त्यांनी लिहून घेतली. त्रिचनापल्लीस निरनिराळ्या प्रांतांतील कैद्यांशी त्यांचा सहवास घडला. भारतीय भाषांनी एकमेकींना जाणून घ्यावे, ही आंतरभारतीची कल्पना त्यांना तेथे सुचली.

किशोरांसाठी लेखन

नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या काही दिवसांत त्यांनी श्यामची आई लिहिले. ते १९३५ मध्ये प्रकाशित झाले. त्यातील श्याम हा आदर्श बालक नाही. तो भितो, चुकतो, खोटे बोलतो, पोहायला घाबरून लपून बसतो. आई त्याला कधी कठोरपणे, कधी मायेने सावरते. आपल्या चुका सांगितल्याने माणूस लहान होत नाही, हे किशोर वाचकाला या पुस्तकातून उमगते. प्रल्हाद केशव अत्रे यांनी यावर काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले.

श्याम, धडपडणारा श्याम आणि श्यामचा जीवनविकास या पुस्तकांत पुढील वयातील ओढाताण आली आहे. धडपडणारी मुले या कादंबरीमागे अमळनेरच्या विद्यार्थ्यांच्या आठवणी आहेत. पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे सुंदर पत्रे या नावाने प्रसिद्ध आहेत.

सामाजिक कार्य

१९३६ च्या फैजपूर काँग्रेस अधिवेशनासाठी त्यांनी खानदेशात अपार कष्ट घेतले. राष्ट्र सेवा दलातील तरुणांचे ते आधार होते. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे, यासाठी महाराष्ट्रभर दौरा करून मे १९४७ मध्ये त्यांनी उपोषण केले. त्यानंतर मंदिर खुले झाले. महात्मा गांधींच्या हत्येनंतर त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी साधना साप्ताहिक सुरू केले.

अखेरचे दिवस आणि मृत्यू

स्वातंत्र्यानंतरची सामाजिक परिस्थिती पाहून गुरुजी व्यथित होते. त्यांचा स्वभाव मुळातच हळवा होता आणि उदासीनतेचे झटके त्यांना पूर्वीही येत असत. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी आपले जीवन संपवले. त्याचे एकच एक कारण सांगता येत नाही. त्यास त्याग किंवा आत्मार्पण मानून गौरवणे योग्य नाही. तसेच तो दुबळेपणा होता, असेही म्हणता येत नाही. त्या काळी आत्महत्येचा प्रयत्न हा कायद्याने गुन्हा होता आणि मनाचे दुखणे उघडपणे बोलण्याची रीत समाजात नव्हती. इतरांच्या उशाशी बसणाऱ्या या माणसाच्या वेदनेवर वेळीच उपाय झाला नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली असल्याचे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

वारसा

प्रकाश मोहाडीकर यांनी सुरू केलेल्या साने गुरुजी कथामालेने शाळाशाळांतून कथाकथनाची परंपरा रुजवली. रायगड जिल्ह्यात माणगावजवळ वडघर येथे साने गुरुजी राष्ट्रीय स्मारक उभे आहे. साधना साप्ताहिक आजही प्रसिद्ध होते. शाळेत समुपदेशक असावा की नाही, याची चर्चा आज होते तेव्हा अमळनेरच्या छात्रालयाचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. मुलाचे ऐकणारा माणूस शाळेत हवा आणि त्या ऐकणाऱ्याचे ऐकणाराही कोणी हवा, असे गुरुजींच्या जीवनावरून दिसते.